कोरडी पिशवी

"डोळे मीट आई. मिनिटभर नुसता आवाज ऐक," म्हणत श्रीरंगने आईच्या कानांवर हेडफोन चढवले. शंखासारखा खोल, घुमणारा आवाज कुमुदताईंच्या डोक्यात भरला. मग त्याने गाडी कुंभार्ली घाटात घातली.

गाडी लागते म्हणून त्या लेकीकडे चिपळूणला कधी गेल्याच नव्हत्या. मेधाचं घर त्यांनी फोटोतच पाहिलेलं. मेधा आजारी पडली तेव्हा तिनेच हे हेडफोन आणि मोबाइलवर तो आवाज पाठवला होता. "हा ऐकला की मळमळत नाही म्हणतात. एकदा तरी ये गं," ती फोनवर म्हणाली होती.

"आवाजाने कुठं ओकारी थांबते होय? तूच बरी होऊन ये," म्हणत त्यांनी खोकं न उघडताच कपाटावर टाकलं होतं.

वळणांमागून वळणं गेली. कुमुदताई मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी उघडून बसल्या होत्या. आज तरी पोट ढवळून निघावं, असं त्यांना वाटत होतं. पण काही म्हणजे काही झालं नाही. चिपळूण आलं तशी त्यांनी कोरडी पिशवी मुठीत चुरगाळली.

अंगणात माणसं खोळंबली होती. मेधाला न्यायचं फक्त आईसाठी थांबवलं होतं. जावई पुढे आले. त्यांनी विचारलं, "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"नाही हो," म्हणत कुमुदताई लेकीच्या पायाशी मटकन खाली बसल्या. "काहीच त्रास झाला नाही."