दाराबाहेरच्या चपला

नगराध्यक्षांच्या दालनाबाहेर सकाळपासून एकही चप्पल नव्हती. समोर मुख्याधिकाऱ्यांच्या दाराशी मात्र चपलांचा ढीग पडला होता.

"नळाचा ठराव सभेत आम्ही मंजूर केला," नगराध्यक्ष शिपायावर खेकसले, "आणि लोक पाया पडणार त्याच्या?"

"ठराव तुमचाच, साहेब. पण काम त्यांच्या सहीनं सुरू होतं ना."

"मी निवडून आलोय! तो काय, बदलीवर आलेला, बदलीवर जाईल."

आज सगळ्यांसमोर त्याला सुनवायचंच, म्हणून ते तरातरा निघाले आणि त्या दाराशी थबकले. ढिगातल्या एका चपलेचा अंगठा लाल दोऱ्यानं शिवलेला होता. कालच त्यांनी तो बाजारातून शिवून आणला होता.

आतून बायकोचा आवाज आला, "घरी सांगून थकले, साहेब. आमच्या नळाचं आता तुम्हीच बघा."