बंद गिरणीची वार्षिक सभा

“मोरोपंत, कंपनी मरू देऊ नका हं!”

देवासच्या कापूस गिरणीचे मालक रघुजीराव एका संध्याकाळी एवढंच बोलले आणि कुठंसे निघून गेले. गिरणी बंद पडली. पण जात्याच्या घरघरीसारखे मालकांचे ते शब्द मुनीम मोरोपंतांच्या कानात फिरत राहिले. दरसाल ते ‘उत्पन्न काही नाही’ असं लिहून टॅक्सचे कागद भरत. लिमिटेड कंपनी म्हणून वार्षिक सभाही घ्यावी लागे. बंद गिरणीतच ते आणि मालकीणबाई सगुणाबाई असे दोघंच बसत. सरदार नसला तर त्याच्या पगडीला मान, ही जुनी दरबारी रीत. म्हणून खुर्चीवर पगडी ठेवून मोरोपंत रघुजीरावांना हजर धरत.

यंदा मात्र त्यांनी लेखणी खाली ठेवली. “बाईसाहेब, आता कंपनी मिटवू या. बाजारात लोक हसतात मला. ‘क्या भिया, मुर्दे का टैक्स भर आए?’ म्हणतात. सतवासचे शेठ ही जागा घ्यायला तयार आहेत. तुमचं म्हातारपण तरी सुखात जाईल.”

“नको.”

“मालक येतील या आशेवर अजून किती वर्षं काढणार?”

सगुणाबाईंनी पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं. मोरोपंत दचकून उभेच राहिले.

“आशा कसली, मोरोपंत? ते कुठं गेलेच नाहीत. या गिरणीमागच्या विहिरीत त्यांनी जीव दिला. चारचौघांत घराण्याची शोभा नको, म्हणून वर दगडमाती मीच लोटली. नवा मालक आधी विहीरच उपसेल हो.”