वरच्या सुरांच्या जागा

"लुसियाच्या सणाच्या गाण्यातले माझे वरचे सूर गेले कुठे? नुसते विराम आहेत," गुनवोर शेजारच्या मायकेनच्या कानाशी कुरकुरली.

"टाइप करताना झालं असेल गं काहीतरी," वेलचीचा बन चावत मायकेन म्हणाली.

झालं काही नव्हतं, केलं होतं. चर्चच्या कॉयरची स्वरलिपी कॉम्प्युटरवर मायकेनच टाइप करायची. कंडक्टर यालमार तिचा नवरा होता तेव्हाही, आणि गुनवोरचा झाल्यावरही. त्या प्रोग्राममध्ये सुराच्या नावापुढे 'विराम' असं लिहिलं, की गप्प बसायची खूण नेमकी त्या सुराच्या उंचीवर येऊन बसते. आपलं काय काय गेलं ते गुनवोरला जागच्या जागी दिसावं, एवढीच मायकेनची इच्छा.

"आज आहे तसंच गाऊ," यालमार म्हणाला.

गाणं पहिल्यांदाच कुठेही न खरचटता संपलं. कुणी कुणाकडे बघेना. गुनवोरने त्याच्यापुढे पेन्सिल धरली. "आता माझे सूर परत लिही."

यालमारने पेन्सिल घेतली नाही.



"राहू देत ते विराम," तो म्हणाला. " ते सूर तुला कधी लागलेच नाहीत, गुनवोर."