आभाळाचं पाणी

"म्हणजे मी खोटं बोलतोय?" क्लेमने विचारलं.

"तसं कुठे म्हणतेय मी," मॉइरा म्हणाली. ती आरोग्य खात्याची बाई, रक्ततपासणीसाठी शहरातून आलेली. "पण जनेलच्या रक्तात ते रसायन वाढतंच चाललंय, क्लेम. या रस्त्यावरच्या बाकी सगळ्यांचं उतरतंय."

क्लेमची मुलगी जनेल पोटावर हात ठेवून टेबलाशी बसली होती. सातवा महिना. पहिलं मूल जगलं नव्हतं, त्यामुळे या खेपेला बापलेक दोघंही जीव मुठीत धरून होते.

रसायन आलं कुठून हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. विमानतळावर आग विझवायचा सराव चाले. त्याचा पांढराशुभ्र फेस धावपट्टीच्या कडेने वाहत जाई, जमिनीत मुरे, आणि मुरत मुरत तो गावाच्या बोअरवेलपर्यंत पोचला. तो फेस उडवणाऱ्यांत क्लेमही होता, अगदी निवृत्त होईपर्यंत. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली होती.

म्हणून तर बातमी कळली त्याच दिवशी त्याने बोअरचा पंप काढून टाकला. कोंबड्या स्वतःच्या हाताने मारून पुरल्या. ओढ्यातले मासे बंद, परसातला भोपळाही बंद. शेजारची लॉरेन चिडवायची, "क्लेम, पोरीला श्वास तरी घेऊ देतोस ना रे?"

"बाबांनी डोळ्यांत तेल घालून जपलंय मला," जनेल म्हणाली. "त्यांच्यावर संशय नका घेऊ."

मॉइराने खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणावर अग्निशमन दलाचा जुना पाइप गुंडाळून ठेवला होता. लाल बादल्यांत जिरेनियम फुलले होते.

"हे सगळं तिकडचंच का?"

"कामावर चांगली वस्तू फेकलेली त्यांना बघवायचीच नाही." जनेल हसली. "आई म्हणायची, आपलं घर म्हणजे विमानतळाची अडगळीची खोली."

"तुझ्या आईला बडबडायला काय जातंय!" क्लेम म्हणाला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तिच्याशी भांडताना तो अजूनही वर्तमानकाळच वापरायचा.

"आणि पाणी?" मॉइराने विचारलं. "सरकार बाटल्या पाठवतं ना?"

"ज्यांनी जमीन नासवली त्यांच्या हातचं पाणी पोरीला पाजू? मी नाही पाजणार. आम्ही आभाळाचं पितो. चला, दाखवतो."

तिघं मागच्या दारी आली. आंब्याच्या सावलीत तीन निळी पिंपं ओळीने उभी होती. छप्पर नवं, पन्हाळी नव्या. मॉइराने वाकून सगळं तपासलं, पन्हाळीत बोट फिरवून पाहिलं. तिला खोट काढायला कुठे जागाच सापडेना.

क्लेमने एक झाकण उघडलं. आत पाणी अगदी नितळ होतं, पानसुद्धा पडलेलं नव्हतं.

"बघा! चहा यातलाच, स्वयंपाक यातलाच. बाळ आलं की त्याची अंघोळसुद्धा यातच. जमिनीचा थेंब लागू देणार नाही मी त्याला."

मॉइराला वाईट वाटलं. या माणसाला उगाच उलटतपासणीला बसवलं, असं तिच्या मनात आलं.

जनेलने पिंपाच्या खालच्या तोटीतून ग्लास भरला आणि घटाघटा प्यायली. ऊन फार होतं.

"पिंपं मजबूत आहेत हो," काहीतरी बरं बोलावं म्हणून मॉइरा म्हणाली. "दुकानात अशी मिळत नाहीत. यांत आधी काही होतं का?"

"घाबरू नका, धुऊन धुऊन घेतली होती मी," झाकण घट्ट बसवत क्लेम अभिमानाने म्हणाला. "पार फेस यायचा थांबेपर्यंत."