कोचच्या दाराशी

ऑक्टोबरमध्ये कोचना भेटायला कुणी मुलगी आली होती का, एवढंच वकीलबाईंनी विचारलं होतं.

"आठवत नाही," लोरीन म्हणाली. "दिवसाला पन्नास माणसं येतात तिथं. कुणाकुणाला लक्षात ठेवायचं?"

वाक्य न अडखळता आलं. सोमवारी कोच तिच्या टेबलाच्या कडेवर टेकून हेच बोलले होते, अगदी मायेनं. लोरीन, तुझ्यामागं उगाच शुक्लकाष्ठ नको, पन्नास माणसं येतात दिवसाला, तू तरी काय करशील. विद्यापीठाच्या फुटबॉलच्या कचेरीत त्यांच्या दाराबाहेर ती सव्वीस वर्षं बसत आली होती. कोच बदलत, ती तिथंच. आदल्याच दिवशी, रविवारी, चर्चबाहेर कोचच्या बायकोनं तिला मिठी मारली होती, तीही जरा जास्तच वेळ.

वकीलबाईंना विद्यापीठानं चौकशीसाठी कॅन्सस सिटीहून बोलावलं होतं. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, एका लहानशा खोलीत, त्या एकेकाला बोलावून विचारत होत्या. लोरीनला वाटलं होतं, बाई उलटसुलट विचारून घाम फोडतील. त्यांनी नुसतं लिहून घेतलं, आणि टीममधल्या ट्रेंट कोल्बीला ती कितपत ओळखते, असं विचारलं.

"चांगला पोरगा आहे," ती पटकन म्हणाली.

हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिचा नवरा गेला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला टीममधले सहा जण आले होते. पुढून डावीकडचा ट्रेंट. कबरीच्या खड्ड्याजवळ चिखल होता, त्याचा पाय सरकला, तो गुडघ्यांवर आला, पण पेटी त्यानं तिरकी होऊ दिली नाही. लोरीननं हे सगळं सांगितलं. बाईंनी तेही लिहून घेतलं.

मग वही मिटली. "झालं, मिसेस टिडवेल. तुम्ही निघालात तरी चालेल. मला आज अजून दोघींना भेटायचंय."

"आमच्याच कचेरीतल्या का?" लोरीननं पर्स खांद्याला लावत विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"नाही. विद्यार्थिनी आहेत. ऑक्टोबरमधल्या मुलीनंतरच्या. एकीवर नोव्हेंबरात हाच प्रसंग आला, एकीवर फेब्रुवारीत."

"हाच म्हणजे?"

"मुलगाही तोच. ट्रेंट कोल्बी," बाई म्हणाल्या.

लोरीन दारापर्यंत गेली. खाली मैदानावर सराव चालला होता, शिट्टी वाजत होती, पोरांच्या आरोळ्या वर येत होत्या. तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला, तो तसाच राहिला. मग ती परत फिरली आणि खुर्चीत बसली. पर्स मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"आली होती," ती म्हणाली.

वकीलबाईंनी वही उघडली.

लोरीन सांगत गेली. मंगळवार होता. मुलगी दुपारच्या जेवणानंतर आली आणि दोन तास दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. काय काम आहे, असं लोरीननं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मुलीनं सांगितलं. ट्रेंटचं नाव घेतलं, त्यानं काय केलं ते सांगितलं, इतकं हळू की लोरीनला टेबलावरून वाकून ऐकावं लागलं. एक शब्दही निसटला नव्हता. आणि ऐकताना मनात पहिलं काय आलं, तर चिखलानं भरलेले ते दोन गुडघे. आणि त्यानंतर शनिवारची मॅच.

"हेही लिहा," लोरीन म्हणाली.

"कोचना कळवलंत?"

"आत जाऊन सगळं सांगितलं. मुलीचं नावसुद्धा. ते मॅचची फिल्म बघत होते. पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, गोड बोलून वाटेला लाव तिला."

"आणि तुम्ही लावलंत."

"लावलं."

"काय म्हणालात तिला?"

लोरीननं मान खाली घातली. आतापर्यंतचं सगळं कोचच्या माथी मारता येत होतं. इथून पुढचं नाही. हे त्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांना ठाऊकही नव्हतं. हे तिला स्वतःला सुचलं होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना, आपण किती समजूतदारपणे निभावलं, असंही तिला वाटलं होतं.

"ड्रॉवरमध्ये तिकिटं असतात," ती म्हणाली. "पाहुण्यांसाठी ठेवलेली. त्यातली शनिवारची दोन काढून दिली. अगदी मधल्या रांगेतली. म्हटलं, जा बाळा, एखाद्या मैत्रिणीला घेऊन ये. जरा बरं वाटेल."

वकीलबाईंचं पेन थांबलं. 

"घेतली तिनं?"

"घेतली." लोरीन पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तिच्या अंगात कॉलेजच्या बँडचं जॅकेट होतं. बँडची पोरं दर मॅचला मैदानातच असतात, वाजवायला. त्यांना कशाला लागतंय तिकीट? मला दिसत होतं ते जॅकेट, समोरच तर होतं. तरी मी दिली. आणि तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. मला म्हणाली, थँक यू, मॅम."