चकती दुसऱ्याने उचलायची

"थांबा पाव्हनं. आधी नाव सांगा," शेषराव म्हणाला.

नामाजीचा वर गेलेला हात तसाच राहिला. "माझं नाव ठाऊक न्हाई का तुमाला? गावचा जावई हाय मी."

"ठाऊक हाय. पर फेकायच्या आधी ज्यानं त्यानं आपलं नाव सांगायचं. आमची तशी रीत हाय."

"नामाजी फेकतो," म्हणत त्याने चकती सोडली. ती गरगरत गेली आणि बाभळीच्या बरीच अलीकडे पडली.

चकती म्हणजे तुपाच्या मोठ्या डब्याचं गोल झाकण. कडा ठोकून बोथट केलेलं. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर, दुपारच्या सुटीत, साखरा गावच्या माणसांनी हा खेळ काढला होता. दुष्काळ सरला, खेळ राहिला. माळावरच्या पाच झाडांना रिकामे डबे टांगले होते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जायचं आणि कमीत कमी फेकीत डबा वाजवायचा.

नामाजी आपल्या गावाहून, हट्ट्याहून, आला होता तो खेळायला नव्हे. त्याची सासू बनाबाई जाऊन चार महिने झाले होते. सासरा दगडोबा घरात एकटा होता. "बाबाला घेऊनच या," असं बायकोने, सिंधूने, निघताना बजावलं होतं.

दगडोबाने सकाळी स्वतः चूल पेटवून जावयाला चहा दिला आणि एवढंच म्हणाला, "बना इथं हाय. मी कुठं येऊ?"

बनाबाईला माळाच्या टोकाला निंबाखाली पुरलं होतं.

तेव्हा शेषराव मध्ये पडला. तो दगडोबाचा लहानपणापासूनचा सोबती. "एक डाव खेळा आमच्यासंग," तो नामाजीला म्हणाला. "तुमचे मामा धड हायत का थकले, ते बघा. मंग न्यायचं का ठेवायचं, तुमीच ठरवा."

नामाजीला ते पटलं.

आपली चकती उचलायला तो वाकला, तर चौथा गडी सोनाजी मागून ओरडला, "हां हां! आपली आपण उचलायची न्हाई. दुसऱ्यानं उचलून हातात द्यायची."

"एवढा मान तर लग्नातबी न्हाई मिळाला मला."

"लग्नात तुमी घड्याळासाठी रुसून बसले होते. मान कधी द्यावा?"

सगळे हसले. दगडोबाही हसला. खूप दिवसांनी हसला असावा, कारण शेषरावने वळून त्याच्याकडे पाहिलं.

खेळात अशा रीती पुष्कळ होत्या. एक जण फेकत असला की बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. ज्याचा डबा वाजला त्याने झाडाखाली उभं राहून दगडाने डबा वाजवत राहायचं, शेवटच्या गड्याचा होईपर्यंत. चालताना पुढच्याने मागच्याला वाट सांगायची.

"डावीकडं बोराटी हाय," सोनाजी म्हणायचा. "आता उतार. आता दोन धोंडे."

"मला काय दिसत न्हाई व्हय?" नामाजी एकदा वैतागून म्हणाला.

"दिसतंय हो. पर सांगायचं," शेषराव म्हणाला.

पाहुण्याची पाळी पहिली. दगडोबा आपणहून शेवटी राही. "आधी तुमी," एवढंच म्हणे. आपली वेळ आली की मान थोडी वाकडी करून उभा राही. डबा वाजत असे, बाकी माळ गप्प असे. मग तो चकती सोडी, सावकाश, जवळजवळ प्रेमाने. तिसऱ्या नाहीतर चौथ्या फेकीत डबा वाजे. नामाजीला सहा लागत.

"ह्या रीती काढल्या कुणी?" त्याने चौथ्या झाडाखाली विचारलं.

"बनावहिनीनं," शेषराव म्हणाला. "तीन वर्षं झाली."

"सासूबाई खेळायच्या?"

"न्हाई. मेंढ्या घेऊन तिथं निंबाखाली बसायच्या. बघायच्या नुसतं. एक दिवस आमाला तिघाचौघांना बोलावलं आन् म्हणल्या, असं असं खेळायचं. कुणी काहून म्हणून विचारलं न्हाई."

शेवटचं झाड निंबाचं. सगळ्यांनी अलीकडच्या बांधावर वहाणा काढल्या. बनाबाईजवळ कोणी पायताण घालून जात नसे. नामाजीच्या वहाणा नव्या होत्या, दिवसभर करकर वाजत होत्या. त्याने त्या नीट जोडून ठेवल्या.

दगडोबाने दुसऱ्याच फेकीत डबा वाजवला. नामाजीने रीतीप्रमाणे त्याची चकती उचलली. काही बोलावं म्हणून त्याच्याजवळ आला. चकती त्याने काखेत धरली.

"मामा, तुमी माझ्यापेक्षा धड हाव," तो म्हणाला. "ऱ्हावा इथं. सिंधूला मी सांगतो."

दगडोबा म्हणाला, "जपून जा जावईबापू. सेनगावची जीप निघून जाईल."

नामाजी पाया पडून निघाला. सोनाजी दुसऱ्या वाटेने गावाकडे गेला. बांधावर वहाणा घालायला नामाजी वाकला, तेव्हा दगडोबाची चकती अजून आपल्याच काखेत असल्याचं त्याच्या ध्यानात आलं. वहाणा तिथेच ठेवून तो अनवाणी परत आला आणि दगडोबाच्या पुढे, हातभर अंतरावर, उभा राहून त्याने चकती पुढे केली.

ऊन लख्ख होतं. दगडोबा त्याच्याकडेच तोंड करून उभा होता.

"शेषराव," तो म्हणाला, "वहाणा वाजल्या न्हाईत अजून. गेले का रे जावईबापू?"

शेषरावने नामाजीकडे पाहिलं. नामाजी हलला नाही. मग त्याने चकती आवाज न करता शेषरावच्या हातात दिली आणि मागे सरला.

"निघाले," शेषराव म्हणाला.

बांधावर नामाजीने वहाणा घातल्या आणि त्या करकरा वाजाव्यात म्हणून जोरजोरात पाय आपटत तो सडकेपर्यंत गेला.