थोबाडीत

"सांग पोरी, झाडाला 'थोबाडीत' हे नाव कसं पडलं?"

मुखियाने विचारलं आणि मिंदूला यंदाही सांगता येईना. सगळं गाव एकाच छपराखाली राहतं त्या लांबघराच्या ओसरीवर चटया टाकून सगळी मंडळी बसली होती. इथल्या काटेरी दुरियन फळाच्या प्रत्येक झाडाला नाव असतं. ज्याला त्या नावाची गोष्ट सांगता येते, तोच झाडाचा वारस. मिंदू सलग तिसऱ्या हंगामात खालच्या गावाहून होडी वल्हवत आली होती. आधी दोनदा हात हलवत परत गेली होती.

तिला आजीचा भयंकर राग आला. मरताना "जा, माझा वाटा माग" म्हणून मागे लागली, पण गोष्ट काही सांगितली नाही. विचारलं की तोंड फिरवायची. त्यात डाव्या बाजूने कितीही बोंबला, तिला ऐकू येत नसे. मिंदूचं अर्धं बालपण धावत आजीच्या उजवीकडे जाण्यात गेलं होतं.

"येत नाही ना? मग ऐक," जेंगिंग म्हणाला. तो आजीच्या भावाचा नातू. झाड त्याच्याच ताब्यात होतं. "आमच्या आजोबांनी झाडाखाली चोर पकडला. अशी ठेवून दिली, अशी ठेवून दिली, की फांदीवरचे धनेश उडाले! चोराच्या डाव्या कानातून रक्त. आजोबा मरेपर्यंत हसून सांगायचे, त्या कानाला आता गडगडाटसुद्धा ऐकू जायचा नाही."

ओसरीवर हशा पिकला. मुखिया गुडघ्यावर हात टेकून उठू लागला.

"चल, झालं. गोष्ट त्याची, झाड त्याचं."

"थांबा बाबा," मिंदू म्हणाली. "दादा, कुठला कान म्हणालास?"

"डावा. का? तुलाही हवी का एक?"

पुन्हा सगळे हसले. मुखिया तेवढा हसला नाही. खालच्या बाजारात त्याने मिंदूच्या आजीला कितीदा तरी डावीकडून हाका मारल्या होत्या, आणि म्हातारीने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तो हळूच पुन्हा चटईवर बसला.

मिंदूचा आजीवरचा सगळा राग एका क्षणात विरला. त्या जागी नुसती लाज आली, स्वतःची.

"चोर कुणी नव्हता, दादा," ती म्हणाली. "माझी आजी भावाकडे वाटा मागायला गेली होती."